बोर्डाला हात लावू नकोस

"तू हात लावू नकोस. बिघडला तर भरून कोण देणार? तुझी वाडी?"

मॅडम हसत म्हणाल्या. पेणच्या आमच्या बी.एड. कॉलेजात, सगळ्यांसमोर. नव्या स्मार्ट बोर्डापुढे मी बोट उचलून उभी होते. वर्ग हसला. मी बोट खाली घेतलं.

मी कातकरी. रोह्याकडच्या वाडीवरची. घरात एकच मोबाईल, भावाचा. बाकीच्यांना बोर्ड म्हणजे खेळणं. चुकलं तर हसायचे, पुन्हा दाबायचे. त्यांची चूक त्यांची असायची. माझी चूक माझ्या जातीची व्हायची. बोर्ड सुरू झाला की मी मागच्या बाकावर जाऊन बसायचे.

मग रोह्याच्या एका शाळेत सराव पाठ लागला. पाठ बोर्डावरच घ्यायचा होता. मॅडम म्हणाल्या, "तू नुसतं बोल. बोर्ड तुझी मैत्रीण चालवेल." मी हो म्हणाले. सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच आता चीड येते.

पाठ अपूर्णांकांचा. बोर्डावर चित्रातल्या भाकरीचे तुकडे बोटाने सरकवून सारखे वाटायचे. मुलं एकेक येत होती. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. आमच्यासारख्याच एका वाडीवरची.

"बाई, मी येऊ?"

मागे गुण द्यायला बसलेल्या मॅडम म्हणाल्या, "तू आधी हात धुवून ये."

तोवर कुणालाच हात धुवायला सांगितलं नव्हतं. मुलीने तळवे उलटेसुलटे करून पाहिले. खाली बसायला लागली.

नापास करतील. कॉलेज सुटेल. आईला काय सांगू? तरी तोंडातून निघालंच.

"तिचे हात चांगले हायत, मॅडम. ती येईल."

घाबरले की वाडीची बोली येते. येऊ दिली. मैत्रिणीला बाजूला केलं आणि बोर्डाला बोट लावलं. काहीच हललं नाही. कुणीतरी खुसखुसलं. पुन्हा दाबलं. तुकडा सरकला. मग त्या मुलीला बोलावलं. तिने चारही तुकडे बरोबर वाटले.

मला सगळ्यांत कमी गुण मिळाले. वर्गात शिस्त नव्हती म्हणे. परतताना एसटीत मैत्रीण माझ्याशेजारी बसली नाही.

भीती गेलेली नाही. पुढच्या पाठालाही मॅडम मागेच बसतील. असू दे. भीत भीत शिकवीन. पण माझ्या वर्गात कुणाच्या हाताला जात विचारू देणार नाही. नापास केलं तरी.