वेल्डिंगनंतरचा चहा

बबनरावांचा ट्रॅक्टर शेडसमोर उभा होता. मागे उसाने भरलेली ट्रॉली, आणि ती ट्रॅक्टरला जोडणाऱ्या लोखंडी दांड्याला चीर गेलेली. कारखान्याच्या रांगेत त्यांचा नंबर लागला होता. तासाभरात पोचले नाहीत तर नंबर जाणार आणि भरलेला ऊस उद्यापर्यंत वाळत राहणार. बबनराव एका जागी उभे राहत नव्हते.

शेड भवानीनगरजवळ, तात्या मिस्त्रींचे. मी कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि ट्रेनिंगसाठी तिथे राहिलो होतो. कऱ्हाटीच्या आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही. वडिलांनी मेंढरे राखली, मग शेती केली. त्यामुळे पुस्तकातली प्रत्येक ओळ मला खरी वाटायची, पण ती मोठ्या माणसांना सांगायचा धीर व्हायचा नाही.

तात्यांनी ट्रॉलीच्या पुढच्या फळीला लोंबणारे पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, हाताने ओढून काढले. पाणी मारले, ओली पोती लावली आणि दांडा वेल्ड केला. तेवढ्यात पलीकडच्या दुकानात त्यांचा फोन आल्याचा निरोप आला. जाताना म्हणाले, "चहा पाजून मग सोड त्यास्नी."

हा चहा मला खटकायचा. प्रत्येक वेल्डिंगनंतर तात्या गिऱ्हाइकाला बाकावर बसवत. हॉटेल समोरच होते, तरी चहा यायला अर्धा तास जाई, आणि तात्या कधी घाई करत नसत. किती वेळ वाया जातो, असे मनात यायचे.

"चहा ऱ्हाऊ द्या की इंजिनेरसाहेब," बबनराव म्हणाले. "नंबर जाईल माझा."

साहेब म्हटल्याने मी जरा फुगलोच असेन. "जा तुम्ही. तात्यांना मी सांगतो."

दहा मिनिटांनी तात्या आले.

"बबनराव कुठं हाय?"

"गेले. घाईत होते."

"चहा?"

"नाही घेतला."

तात्यांनी दोन बादल्या माझ्या हातात दिल्या आणि फटफटीला किक मारली. "बस मागं."

भरल्या ट्रॉलीचा वेग तो किती. कॅनॉलच्या पुलाजवळच आम्ही तिला गाठले. पुढच्या फळीखालून धूर निघत होता आणि वाऱ्याने मागे जात होता, म्हणून बबनरावांना दिसला नव्हता. फळीच्या फटीत राहिलेले पाचट धुमसत होते, वरच्या मोळीला जाळ लागत होता. मी कॅनॉलमधून बादल्या आणत राहिलो, ते दोघे मोळ्या ओढून खाली टाकत राहिले. सात-आठ मोळ्या करपल्या, फळीची एक कड जळाली. ट्रॉली वाचली. नंबर मात्र गेला.

बबनराव रस्त्याच्या कडेला बसले. माझ्याकडे बघत तात्यांना म्हणाले, "ह्यो तुमचा इंजिनेर?"

"माझा न्हाय, कॉलेजचा हाय," तात्या म्हणाले. "पर पाणी झटक्यात आणतोय."

परतताना तात्यांनी मला समजावले. "ठिणगी लगीच पेटत न्हाय. पाचटात शिरून बसती, वारं लागलं की वर येती. अर्धा तास गाडी नजरंसमोर पायजे. आता डायव्हरला थांब म्हणलं तर थांबतुय व्हय? चहा म्हणलं की बसतुय."

माझ्या वहीत हेच लिहिलेले होते. वेल्डिंगनंतर किमान अर्धा तास जागेवर लक्ष ठेवावे. परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

"तात्या, मला आधी का नाही सांगितलं?"

"तू इचारलंस कवा?"

दोन दिवसांनी बबनराव रिकामी ट्रॉली घेऊन जळकी फळी बदलायला आले. खालच्या पट्टीला थोडे वेल्डिंग झाले. या वेळी मी धीर करून स्वतःच म्हणालो, "बबनराव, अर्धा तास थांबावं लागेल. नियम आहे."

"कशाला? आज तर रिकामी हाय."

"फटीत पाचट असतं. परवा पेटली होती की."

"ती परवा." ते ट्रॅक्टरवर चढायला लागले.

तात्या लांबून बघत होते. मध्ये पडले नाहीत.

"चहा तरी घ्या," मी म्हणालो.

बबनराव खाली उतरले. "आता एवढं म्हणताय तर घेऊ."

नियम मला तोंडपाठ होता. तो माणसांकडून पाळून कसा घ्यायचा, याचा धडा आमच्या पुस्तकात नव्हता. बबनराव बाकावर टेकल्यावर मी हॉटेलवाल्याला हात केला आणि खुणेनेच सांगितले, सावकाश आण.