निळ्या गाडीशी बोलले ते

माझं तोंड फाटकं आहे, हे मला कोणी सांगायला नको. पण त्याच तोंडाने मी चौदा वर्षं जपलेलं गुपित एका शनिवारी भर दुपारी स्वतःहून उधळलं. कोणी विचारलंही नव्हतं. बसा, सांगते.

मी चौथी शिकलेली बाई, पण व्हिडिओ गेमच्या बाबतीत माझ्यासमोर कोणी शहाणपणा करू नये. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये आमचं एकत्र कुटुंब होतं, तेव्हा मोठ्या दिरांनी बाजारातून कॅसेटवाला गेम आणला. पोरांसाठी म्हणून. पोरं शाळेत गेली की मी आणि माझी मोठी जाऊ सुमनताई, भांडी उरकून त्याच्यासमोर चटई टाकायचो. कॅसेटवर लिहिलेलं असायचं नऊ हजार गेम. निघायचे सात. बाकी तेच, नाव बदलून. पण त्या सातांत आमचा जन्म गेला असता तरी चाललं असतं. गेम चालू नाही झाला की कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत खोचायची. मेकॅनिक लागत नव्हता.

खेळताना ताईचं कोपर माझ्या बरगडीत, माझा गुडघा तिच्या मांडीवर. हरायला लागली की ती सरळ माझ्या रिमोटची वायर ओढायची. चीटिंग? असेल. पण माणूस शेजारी होता.

आणि आता? माझ्या लेकीने, मयुरीने, पगारातून नवा गेम घेतला. खोक्यात रिमोट एकच. म्हटलं, दुसरा कुठाय? तर म्हणे, "आई, आता सगळे आपापल्या घरून खेळतात." कॅसेटच नाही, तर फुंकायचं कुठे? आधी तीन तास डाउनलोड. मग अपडेट. वर दर महिन्याला भाडं, आणि गेममधल्या माणसाला नवे बूट हवे असतील तर त्याचे वेगळे पैसे. त्याला बूट. मी इथे चप्पल शिवून घालते.

आता गुपिताचं. घर वेगळं झालं तेव्हा आम्ही अंबरनाथला आलो, ताईचं कुटुंब बदलापूर गावात गेलं, आणि सामानाच्या वाटणीत तो गेम गायब झाला. ताई म्हणाली, शोभाने नेला. मी भरल्या ताटावर हात ठेवून सांगितलं, नाही नेला. वर ठणकावलं, तुम्ही माफी मागेपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही. झालं. पोरं आपसात बोलायची, नवरे बोलायचे. आम्ही दोघी लग्नाच्या पंगतीत समोरासमोर बसून भिंतीकडे बघत जेवायचो. चौदा वर्षं.

तर त्या शनिवारी मयुरी ऑफिसला. मी गाड्यांचा गेम लावला, तिचे हेडफोन कानाला चढवले. स्क्रीनवर इंग्रजीत कसलीशी पाटी आली. माझी जुनी सवय, जे येईल त्यावर बटण ठोकायचं. ठोकलं. शर्यत सुरू. मी लाल गाडी, समोर निळी. माझ्या शेजारी चटईवर कोणी नाही, म्हणजे निळी मशीनची. सरळ आहे की नाही?

पहिल्याच वळणावर निळीने धडक मारून मला रस्त्याबाहेर फेकलं.

"अरे मेल्या, डोळे फुटले काय तुझे?" मी म्हटलं. मशीन गप्प.

दुसऱ्या शर्यतीत परत तेच. मी त्याचं खानदान काढलं. तिसऱ्या शर्यतीत वाटलं, ही धडक आपल्या ओळखीची आहे. "आमची सुमनताई अशीच मारायची," मी त्याला सांगितलं. "डांबरट बाई. पण हात काय चालायचा तिचा."

निळी जरा हळू झाली. मला वाटलं, घाबरली.

मशीन ऐकत होतं छान. घरात कोण ऐकतं एवढं? मी सुटलेच. "आता कोणाबरोबर खेळू, सांग. ताईचा पाय मोडला तेव्हा दवाखान्याच्या जिन्यापर्यंत गेले होते रे. वर नाही गेले. कोणत्या तोंडाने जाऊ? गेम माझ्याकडेच आहे ना. मीच नेला, तांदळाच्या डब्यात घालून. आणि आजपर्यंत एकदाही लावला नाही. एकटीने काय लावायचा?"

निळी गाडी रस्त्यात उभीच राहिली. मी तिला मागे टाकून शर्यत जिंकलेसुद्धा.

आणि कानात आवाज आला, "अजून तांदळाच्याच डब्यात आहे का गं?"

मी हेडफोन भिरकावले. मग हळूच उचलले.

"ताई?"

"हो. डांबरट बाई."

मयुरी आणि ताईचा मुलगा रोज एकमेकांशी खेळतात, ते मला माहीत होतं. पण आपलं मशीन चालू झालं की त्यांच्याकडे कळतं, तिथून खेळायचं बोलावणं पाठवता येतं, हेडफोनमधून आपलं बोलणंही तिकडे जातं, आणि ती इंग्रजी पाटी म्हणजे ताईचं बोलावणं, हे मला कोण सांगणार? तिला वाटलं होतं मयुरी बसलीय.

"एवढा वेळ ऐकत होतात, मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू गप्प झाली असतीस. चौदा वर्षांनी तुझा आवाज येत होता. म्हटलं, येऊ दे. शिव्या तर शिव्या."

खोटं कशाला बोलू, डोळे पुसले पदराने. म्हटलं, "ताई, चुकले मी. उद्याच गेम घेऊन येते. पण हे आपल्या दोघींतच राहू द्या."

"मी ठेवीन गं," ताई म्हणाली. "पण माझ्याकडे हेडफोन नाहीत, मी रिमोटच्या माइकमधून बोलतेय. तुझा आवाज टीव्हीतून येतोय. आणि आज माझ्याकडे भिशी आहे."

मागून बारा बायका खो खो हसल्या. त्यातली एक म्हणाली, "शोभाताई, थांबलात का? पुढे सांगा ना."