छर्रा मधोमध

फिटरची बायको जाऊन चार महिने झाले, आणि या चार महिन्यांत फिटरने कुठल्याही गोष्टीला नाही म्हटलं नाही. जेवता का? जेवतो. चार पावलं फिरून येता का? येतो. एकुलती एक लेक म्हणाली, "बाबा, इथं एकटं राहायचं नाही, माझ्याकडे चला." तो म्हणाला, "बरं." घर भाड्याने देऊ? दे. शेवटी तिने चाचरत विचारलं, "आणि जीप? माझ्याकडे उभी करायला जागा नाही हो. विकायची का?" तिला वाटलं होतं, आता तरी बाबा ताडकन उठतील, चार शब्द सुनावतील. फिटरने तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, "विक." लेकीला त्या दिवशी जेवढी भीती वाटली, तेवढी आई गेली त्या दिवशीही वाटली नव्हती.

फिटर हे काही त्याचं नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्याने एकतीस वर्षं फिटर म्हणून काढली, आणि तेवढ्यात नाव झिजून गेलं, हुद्दा उरला. त्याच्या बायकोला गल्ली फिटरीणबाई म्हणायची. लेकीचं लग्न झालं, घर रिकामं झालं आणि फिटरने खात्याच्या लिलावातून एक म्हातारी जीप ओढत आणली. ओढत हा शब्द खराच. इंजिन होतं, पण त्याला कामाची इच्छा नव्हती. सहा महिन्यांत त्याने ती चालती केली. एवढ्यावर थांबला असता तर शहाणा म्हणवला असता. पण त्याला ती डोंगरात, ओढ्यात, दगडधोंड्यांत न्यायची होती, आणि असल्या गाड्यांचं खास सामान विकत घेणं म्हणजे त्याच्या लेखी पाप होतं. "दुकानात मिळतं ते सगळं घरात असतं," असं त्याचं ठाम मत. "बघायची नजर पाहिजे."

ती नजर घरावर फिरली आणि घराची दशा झाली. जुनी लोखंडी खाट कापून टपावर सामानाची चौकट बसली. मोरीच्या कामातून उरलेला जाड पाइप बॉनेटच्या कडेने टपापर्यंत चढला, म्हणजे ओढ्यात पाणी वर आलं तरी इंजिनाने श्वास वरून घ्यावा. त्या पाइपाच्या तोंडावर झाकण बसलं ते स्टीलच्या डब्याचं, आणि त्या डब्यात तेव्हा साखर होती. मांडणीच्या भोकाभोकाच्या दोन फळ्या गेल्या. चाक चिखलात रुतलं की खाली सरकवायला त्या. गाडी उंच केल्यावर बायकोला चढता येईना, म्हणून शिडीची एक पायरी कापून दाराखाली लावली. तेव्हापासून माळ्यावर चढताना तिसरी पायरी नाही हे ज्याचं त्याने लक्षात ठेवायचं. खाचखळग्यांत बायको आदळते म्हणून मोरीतली टॉवेलची दांडी तिच्या सीटसमोर डॅशबोर्डवर आली, आणि टॉवेल दाराच्या कडीवर गेले. फिटरीणबाई शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे काही हरवलं तर मी घरात शोधतच नाही. गाडीभोवती एक चक्कर मारते." आणि नवऱ्याला म्हणायची, "एक दिवस मलाही कुठेतरी वेल्ड कराल."

"काय फिटर, झाली का गाडी तयार?" असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "अजून एक काम राहिलंय." अकरा वर्षं ते एक काम राहिलेलंच होतं.

त्यातली दोन कामं नीट सांगितली पाहिजेत. पहिलं म्हणजे छर्ऱ्याची नळी. तिरप्या उतारावर गाडी किती कलली हे कळावं म्हणून फिटरने एक पारदर्शक नळी वाटीच्या काठासारखी वाकवली, बायकोच्या शिलाई मशीनचं तेल तिच्यात भरलं आणि जुन्या बेअरिंगमधला एक छर्रा आत सोडला. गाडी ज्या अंगाला कलेल त्या अंगाला छर्रा घरंगळायचा. खाली पट्टीवर रेघा, दोन्ही टोकांना लाल. लालच्या पलीकडे छर्रा म्हणजे गाडी उलटली म्हणून समजा. ही नळी त्याने स्वतःसमोर नाही, बायकोसमोर लावली. त्याला जवळचं बघायला चष्मा लागायचा, आणि खडबडीत रस्त्यावर चष्मा नाकावर ठरायचा नाही. तेव्हा त्याने रस्ता बघायचा आणि तिने छर्रा.

दुसरं काम पाट्याचं. फिटरीणबाई अंगाने चांगली भरलेली. ती बसली की गाडी डावीकडे दबायची आणि सपाट जमिनीवरही छर्रा तिच्याकडे जायचा. फिटरने तिला काही म्हटलं नाही; एका भंगार टेम्पोचा पाटा, म्हणजे चाकावर गाडीचा भार पेलणारी स्प्रिंगची पट्टी, कापला आणि डाव्या बाजूच्या पाट्यांत तो एक जादा घातला. मग ती बसली की गाडी सरळ, छर्रा मध्यावर.

"म्हणजे मी उतरले की गाडी वाकडी?" ती म्हणाली.

"तू कशाला उतरतेस?"

"ते बरंय," ती म्हणाली आणि पदर खोचून बसली.

दर रविवारी दोघं निघायची. गावाबाहेर डोंगराच्या कुशीतून एक वाट वर जाते. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला खोल दरी, आणि वाट दरीकडे कललेली. तिथं आलं की फिटर दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून विचारायचा, "छर्रा?" ती म्हणायची, "मधोमध आहे. चला." आणि तो जायचा. वर पोचल्यावर डबा खायचा, तासभर काही न बोलता बसायचं, परत यायचं. यात काय मजा, असं गल्लीला वाटायचं. गल्लीला काय कळतंय!

मग आजार आला. आठ महिने जीप जागची हलली नाही. डॉक्टरांनी वजनावर लक्ष ठेवा म्हणून सांगितलं, तेव्हा लेकीने वजनाचा काटा आणला. दर सोमवारी फिटर बायकोला धरून त्यावर उभं करायचा आणि आकडा वहीत लिहायचा. शेवटचा आकडा एकोणचाळीस होता. ती गेली त्यानंतर त्याला काहीच वाटेनासं झालं. झोपेत हात अंगाखाली येऊन बधिर झाला की तो आपला वाटत नाही, तसा फिटर स्वतःला वाटत नव्हता. लोक भेटायला आले, रडले, गेले. त्याने सगळ्यांना पाणी दिलं.

जीपला गिऱ्हाईक लगेच मिळालं. जमिनी मोजणारा माणूस, डोंगरातलीच कामं जास्त. मोजणीदाराने खाटेची चौकट बघितली, पाइप बघितला, साखरेच्या डब्याच्या झाकणावर तर तो बेहद्द खूष झाला. मग समोर उभा राहून त्याने एक डोळा मिटला.

"काका, गाडी उजवीकडे बसलीय. एवढं सरळ करून द्या, रविवारी घेऊन जातो."

"करतो," फिटर म्हणाला.

शनिवारी सकाळी तो पाना घेऊन गाडीखाली गेला आणि तसाच बाहेर आला. एकतीस वर्षांत मोजमाप घेतल्याशिवाय त्याने एक नट उघडला नव्हता. जादा पाटा नेमका किती भार उचलतो ते आधी कळायला हवं. त्याने दोन रिकामी पोती डाव्या सीटवर ठेवली, चष्मा लावला, दारात उभा राहिला आणि घमेल्याने त्यांत वाळू ओतत गेला. छर्रा उजवीकडून हळूहळू सरकत आला. मध्यावर आला तेव्हा फिटरने घमेलं खाली ठेवलं. घरातून वजनाचा काटा आणला आणि एकेक पोतं उतरवून त्यावर ठेवलं. छत्तीस. पस्तीस. त्याने खडूने मडगार्डवर लिहिलं, ७१.

लेक चहा घेऊन आली. "हे काय?"

"डावीकडे एवढा भार लागतो."

लेक आकड्याकडे बघत राहिली. "बाबा, हे आईचं वजन आहे. आजाराच्या आधीचं."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. गाडीला माहीत होतं."

लेक दाराला टेकून रडली. फिटर चहाचा कप धरून उभा होता. आपणही रडायला हवं हे त्याला कळत होतं, भूक नसताना जेवायची वेळ झाल्याचं कळतं तेवढंच. आठ महिन्यांत तो एकाहत्तर विसरला होता, डोक्यात एकोणचाळीसच राहिले होते. हेही त्याने नुसतं नोंदवलं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "पाटा काढतो."

"थांबा," लेक डोळे पुसत म्हणाली. "काढायच्या आधी मला एकदा तिकडे न्या. आईला न्यायचात तिकडे. मी कधी आलेच नाही."

"बरं," फिटर म्हणाला. नाही म्हणायचं तो विसरलाच होता.

लेक शिडीच्या पायरीवर पाय देऊन चढली आणि आईच्या जागी बसली. उंची अगदी आईची, अंगाने मात्र निम्मी. दांडी दोन्ही हातांनी धरली. आठ महिने आणि चार महिने उभी असलेली जीप पहिल्या झटक्यालाच सुरू झाली. फिटरला त्याचंही काही वाटलं नाही. गाव मागे पडलं, ओढा ओलांडला, कड्याची वाट आली. गाडी दरीकडे कलली. फिटरची नजर समोरच्या दगडांवर होती आणि तोंडातून आपोआप निघालं, "छर्रा?"

लेकीने दांडी आणखी घट्ट धरली.

"छर्रा कुठंय?"

"कसला छर्रा?"

"समोर. नळीत बघ."

"समोर ही दांडी आहे, बाबा. हिच्या मागे काहीतरी आहे, पण दिसत नाही."

"नीट बस."

"नीटच बसलेय. वाकले तर दिसेल. पण वाकायचं तर दांडी सोडायला हवी, आणि दांडी मी सोडणार नाही!"

फिटरने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. उतरून वळसा घालून लेकीच्या दाराशी आला, चष्मा लावला आणि गुडघे वाकवून आपलं डोकं तिच्या डोक्याशेजारी आणलं. दांडी नळीच्या बरोबर आड येत होती. रेघा नाहीत, लाल नाही, छर्रा नाही. फक्त मोरीतली दांडी. या सीटवर तो कधी बसला नव्हता. नळी लावली तेव्हा दारात उभा होता, दांडी लावली तेव्हाही उभाच होता, आणि उभ्या माणसाला सगळं दिसत होतं.

दांडी लावून दहा वर्षं झाली होती. दांडी लावली त्या दिवशी बायको म्हणाली होती, "बाई बाई, ही कुठून कुठे पोचली! छान झालीय." आणि त्याच्या पुढच्या रविवारी, याच वळणावर, खाली दरी दिसत असताना, दांडी घट्ट धरून म्हणाली होती, "मधोमध आहे. चला." त्याच्या पुढच्या रविवारीही. दहा वर्षं फिटर छर्ऱ्यावर नाही, बायकोच्या नुसत्या शब्दावर या उतारावरून गेला होता.

का बोलली नाही? सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अजून एक काम राहिलंय, आणि रविवार बुडाला असता, म्हणून? त्याने हौसेने लावलेली दांडी, त्याला वाईट वाटेल, म्हणून? की हा काही गाडी उलटवायचा नाही, बघायचंय काय त्यात, असं तिला वाटायचं? घरी गेल्यावर विचारू, असं फिटरच्या मनात आलं. खरंच आलं, रोजच्यासारखं. आणि मग विचारायला ती घरी नाही, हे त्याला चार महिन्यांत पहिल्यांदा कळलं.

तो शिडीच्या पायरीवर बसला आणि रडला. तोंड झाकून नाही, हमसून हमसून, लहान पोरासारखा. लेक घाबरून उतरायला लागली, तर पायरीवर बाप बसलेला. तिला उतरता येईना. तिने मग वरूनच त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

बऱ्याच वेळाने फिटर उठला. बाहीला नाक पुसलं, सीटमागून पाना काढला आणि दांडीचे बोल्ट सैल करायला लागला.

"काय करताय?"

"खाली घेतोय. दोन बोटं."

"बाबा, उद्या मोजणीदार येणार आहे."

"त्याला सांग, अजून एक काम राहिलंय."

 फिटरने दांडी खाली घेतली, बोल्ट आवळले, हलवून बघितली. मग चष्मा खिशात घातला, आपल्या जागेवर येऊन बसला आणि गाडी सुरू केली.

"आता दिसतो?"

"दिसतो."

"कुठंय?"

लेकीने छर्ऱ्याकडे बघितलं. मग बापाच्या तोंडाकडे बघितलं.

"मधोमध आहे," ती म्हणाली. "चला."

गाडी चांगली उजवीकडे कललीय, हे फिटरला बसल्या जागी अंगाला कळत होतं. लाल मात्र अजून लांब होतं. त्याने हँडब्रेक सोडला आणि पहिला गिअर टाकला.