गर्दी ओसरेपर्यंत

परवा इंदापुरात एका दुकानात धुण्याच्या पावडरीचा पुडा फुटला आणि त्या वासासरशी मला बारामतीतलं ते किराणा मार्ट आठवलं. मी तिथं बिलं करायचे. बरोबरच्या दोघी काम सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी कुणाला घेतलंच नव्हतं. दिवाळीची रांग पार दारापर्यंत गेलेली आणि काउंटरवर मी एकटी. त्यातच माझी पाळी सुरू झाली.

"सर, जरा जाऊन येऊ?" मी मॅनेजरना विचारलं.

"गर्दी ओसरू दे," ते म्हणाले.

गर्दी ओसरलीच नाही. शेवटी न राहवून उठले, तर खुर्चीवर डाग पडलेला. लोक उगाच इकडंतिकडं बघू लागले. मला कुठं तोंड लपवू असं झालं. माळेगावहून नेहमी येणाऱ्या एका मावशींनी बिलासाठी ठेवलेला नवा टॉवेल माझ्या कमरेला गुंडाळला.

"जा बाळा, आमी थांबतो हितं." मग मॅनेजरकडं वळून म्हणाल्या, "तुमाला हात न्हाईत व्हय? करा की बिलं."

मी परत आले तेव्हा मावशी निघून गेल्या होत्या. खोळंबा झाला म्हणून मी मॅनेजरची आणि सगळ्या रांगेची माफी मागितली.

त्या डागाची लाज केव्हाच गेली. त्या माफीची अजून वाटते.