कॉम्प्युटर हलका करताना आम्ही काय काय कापलं

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका, किश्शांचा क्रम चुकत असेल. पण आम्हा तिघांच्या उद्योगाचे किस्से इतके साठलेत, की एक काढला की मागचे चार आपोआप बाहेर पडतात.

तिघं म्हणजे तळेगावचा निवृत्त प्राध्यापक मी, कान्हे स्टेशनजवळ रिपेअरिंगचं दुकान चालवणारे दत्ताभाऊ आणि कुरवंड्याच्या शाळेतल्या वैशालीबाई. शाळेला कुणीतरी आपले सहा जुने कॉम्प्युटर 'दान' केले होते. सुरू व्हायलाच वीस मिनिटं! ह्याला दान म्हणतात? मूळ सिस्टिममधलं नको ते काढून ती हलकी करायची, असं आम्ही ठरवलं. नाही जमलं, तर मशीन भंगारात, हे मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं.

*

पहिली सिस्टिम मी इंटरनेटवरून आयती, कुणीतरी आधीच कापून ठेवलेली, उतरवली. वेगवान होती, खोटं कशाला बोलू! पण पडद्यावर भलीमोठी कवटी, खाली कापणाऱ्याचं नाव. तिसरीची पोरं बघणार होती हो ते!

दत्ताभाऊ म्हणाले, "सर, दुसऱ्याच्या घराला रंग दिला आन् दारावर सोताची पाटी लावली की गड्यानं!"

*

मग आपणच कापायचं ठरलं. एका प्रोग्राममध्ये सगळ्या भागांची यादी येते. नको त्यावर टिक करायची. यादी भाऊ आणि मी आळीपाळीने करायचो.

भाऊंनी पहिल्याच फटक्यात छपाई उडवली. बाईंनी प्रिंटर जोडला, तर मशीन त्याला ओळखच देईना.

"भाऊ, प्रिंटिंग का काढलंत?" मी तडकलो.

"शाळंत प्रिंटर हाय कुटं?"

"कालच आणला!"

"मंग कालच सांगायचं न्हाई व्हय!"

*

पुढच्या खेपेला कॅल्क्युलेटर गेला. नेमके तपासणीला साहेब आले. "ह्यात साधा कॅल्क्युलेटर नाही?"

इतकी वर्षं शाळेकडे न फिरकलेला माणूस हे विचारतो! मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलांना पाढे येतात, साहेब."

साहेबांनी चहा घेतला.

*

आणि मग तो पालकांचा मेळावा. मुलांनी बाईंच्या लॅपटॉपवर गावाविषयी लिहिलं होतं. ते शाळेच्या मशीनवर दाखवायचं होतं. सिस्टिम आदल्याच दिवशी भाऊंनी माझ्या पेन ड्राइव्हवरून नव्याने घातलेली. पहिलं पान उघडलं. पानभर नुसते चौकोन!

पुढे बसलेले एक आबा नातीला म्हणाले, "लय खिडक्या काढल्यास गं. घर कुटंय?"

पोरगी रडायला लागली. मुख्याध्यापक भंगारवाल्याचं नाव काढू लागले. माझा तोल गेला. सगळ्यांदेखत ओरडलो, "भाऊ, मराठी कापलीत? कुरवंड्यात मराठी अनावश्यक?"

दत्ताभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाले, "चुकलं आसंल, सर."

दुपारपर्यंत त्यांनी सहाही मशीन पुन्हा नीट करून दिली. मशीन शाळेत राहिली. दत्ताभाऊंना मात्र शाळेने पुन्हा बोलावलं नाही. मीही त्यांच्यासाठी शब्द टाकला नाही.

ह्याला बरीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात तो पेन ड्राइव्ह कपाटात सापडला. मेळाव्याच्या सिस्टिमची यादी त्यात तशीच होती, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर, माझ्या नावाने केलेली. 'इतर भाषा' ह्यापुढे टिक होती.