राहीसाठी पाहिलेलं कॉलेज

राही कोल्हारची. वडील ती लहान असतानाच गेले. थोरल्या भावानं, आप्पासाहेबांनी, तिला लेकीसारखं वाढवलं. नगरला मावशीकडे राहून ती मॅट्रिक झाली आणि त्याच उन्हाळ्यात मावशी वारली. आता कॉलेज म्हणजे वसतिगृह आलं. तिकडे श्रीगोंद्याचं एक स्थळ होकारासाठी खोळंबलं होतं.

"कॉलेज बघून येतो," आप्पा म्हणाले. "पसंत पडलं तर शीक. न्हाई तर श्रीगोंद्याला होकार."

एकोणीसशे एकोणपन्नासचा जून होता. मनमाडहून नगरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत तिघं बसली. आप्पांनी कोशाचा फेटा बांधला होता. बोलायला म्हणून गहिनीनाथमामांना घेतलं होतं. राहीनं फेट्याकडे पाहिलं. आप्पा हा फेटा सोयरिकीला जाताना बांधत.

कॉलेज पलटणीच्या जुन्या बराकींत भरत होतं. लांबच लांब कौलारू इमारती. मधे माळासारखं मैदान. प्राचार्य स्वतः दाखवायला निघाले. सदरा, धोतर, डोळ्यांवर चष्मा. माणूस हसरा होता.

"रान किती म्हनायचं?" आप्पांनी विचारलं.

"तीस एकर."

आप्पांनी वाकून ढेकूळ उचललं, चुरडलं. "पेरत काय न्हाई?"

"मुलं पेरतो," प्राचार्य हसले.

आप्पा हसले नाहीत. "किती हायेत?"

"सव्वाशे."

"एवढ्या रानात?" मामा म्हणाले. "लई इरळ पेरा झाला की, साहेब."

राहीनं मान खाली घातली.

"अन् ह्ये कुणाच्यातलं?" मामांनी पुढचा सवाल टाकला.

"म्हणजे?"

"घरानं कंचं?"

प्राचार्यांना क्षणभर उमगलं नाही. मग ते म्हणाले, "आम्ही पुण्याच्या विद्यापीठाला जोडलेले. परीक्षा त्यांची, पदवी त्यांची."

"ते किती पिढ्यांचं?"

"नुकतंच निघालंय."

मामांनी आप्पांकडे पाहिलं. नवं घराणं. राहीला ते न बोललेलं ऐकू आलं.

प्रयोगशाळेत प्राचार्य रंगात आले. सूक्ष्मदर्शक दाखवले, कागदावर चिकटवलेली पानं दाखवली. शास्त्राच्या मुलांसाठी नगर जिल्ह्यात दुसरी सोय नाही, आणि वनस्पतिशास्त्रात आमचा हात कुणी धरणार नाही, असं सांगितलं.

"झाडापाल्याचं आमी घरीच शिकीवतो," आप्पा म्हणाले. "फुकाट."

राही मात्र त्या पानांवरून नजर काढू शकली नाही. एकेका पानाखाली बारीक अक्षरात नाव. घाणेरी होती, टाकळा होता. ज्यांना ती लहानपणी तुडवत शाळेला गेली, त्यांना इथं कुणी जपून ठेवलं होतं.

मुलींची सोय एका छोट्या बंगलीत होती. तिथं केशरबाई म्हणून एक विधवा बाई राहत. आप्पांनी विहिरीत डोकावून पाणी पाहिलं. चूल पाहिली, दाराची कडी वाजवून पाहिली. मुली दोनच होत्या. मग ते मागच्या बाजूला गेले आणि थांबले. बंगलीमागून सडक जात होती. सडकेवरून शिपायांची एक तुकडी हसत, गात छावणीकडे चालली होती.

"कुंपन?"

"पुढच्या वर्षी घालतोय," प्राचार्य म्हणाले.

आप्पा एक शब्द बोलले नाहीत. राहीनं ते मौन ओळखलं. बैल नापसंत पडला की बाजारात ते असेच गप्प होत.

ऑफिसात शिपाई बन्सीनं चहा आणला. तीन कप, तीन बश्या. आप्पांच्या घरात रीत होती. स्थळ पसंत नसेल तर त्या घरचा चहा घ्यायचा नाही. घेतला, तर शब्द दिला. कुणाला सांगावं लागत नसे.

"घ्या ना," प्राचार्य म्हणाले.

आप्पांनी बशी दोन बोटांनी पुढं सरकवली. मामांचा हात कपाकडे गेला होता. आप्पांनी पाहिलं. हात मागं आला.

"मोटारीची येळ झाली, साहेब. कळीवतो आमी."

राहीनं हात पुढं केला. स्वतःचा कप सोडून आप्पांचा उचलला. चहा उकळता होता. तिनं फुंकर घातली नाही, बशीत ओतला नाही. उभ्यानं, एका दमात प्याली. रिकामा कप खाली ठेवला. तो बशीवर वाजला.

"थंड तरी होऊ द्यायचा," प्राचार्य म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं.

"राहे," आप्पांचा आवाज खाली गेला. "काय केलंस?"

"च्या पिले."

"पोरीनं पिऊन घरचा शबूद जात न्हाई."

"मग आप्पा, स्थळ कुनासाठी बघत हुता?"

मामांनी छताकडे पाहिलं. बन्सी ट्रे घेऊन दारातच थबकला. आप्पांच्या मानेची शीर उडत होती. एकदाच, लहानपणी, त्यांनी तिच्यावर हात उगारला होता. आता तो हात टेबलावर पडून होता. राही हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते चहाचं होतं. तिनं पुसलं नाही.

आप्पा उठले. फेटा सारखा केला.

"मामा, श्रीगोंद्याला तुमी जावा. माझ्यानं न्हाई व्हायचं."

"जातो. पर सांगू काय?"

"सांगा, पोरगी दिली म्हनावं. दुसऱ्या घरी."

मोटारीत ते पुढच्या बाकावर एकटे बसले. कोल्हार येईपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मामांनी दोनदा काहीतरी विचारलं, पण राहीला उत्तर देता आलं नाही. तिची जीभ पार भाजली होती.