रेनोचा न हलणारा मनोरा

आमच्या रेनोला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, साधी खुर्ची करायला सांगितली, तरी ती बैल बसला तर मोडणार नाही अशी होते. हे मी कौतुकानं सांगत नाही. आमचं जेवणाचं टेबल सरकवायला चार गडी लागतात, आणि त्याच्याखालचा केर लग्नापासून तिथेच आहे.

अशा माणसानं चर्चला बांधून दिलेली पडवी गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या भारानं खाली बसली. रविवार नव्हता हे नशीब. आत फक्त कॉफीची मोठी किटली होती, ती चेपली. कुणाला खरचटलंही नाही, पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! चर्चचा कारभारी एल्मर रॉटिओ तर कॉफी पिता पिता म्हणायचा, "रेनो, जरा खांबापासून लांब बस बाबा. हात लागला तर छप्पर खाली यायचं!" सगळे खो खो हसायचे. रेनोही हसायचा, पण घरी आला की हत्यारांच्या पेटीकडे ढुंकून बघायचा नाही. अर्ध्या पंचक्रोशीतले सौना, म्हणजे वाफेनं न्हायच्या लाकडी खोल्या, ह्याच्या हातचे, आणि आता ह्याला कुंपणाची फळी ठोकायलाही कुणी बोलवेना. माझा जीव तुटायचा. तीच किटली एल्मरच्या टाळक्यात घालावीशी वाटायची.

जानेवारीत एक दिवस टेस कोस्केला बुटांवरचा बर्फ झटकत स्वयंपाकघरात आली. शाळेच्या रोबो संघाची ती कप्तान, आणि तिच्या आजीचा सौना रेनोनंच बांधलेला.

"रेनोआजोबा, आम्हाला एक मनोरा हवाय."

यंदाच्या स्पर्धेत रोबोनं मनोऱ्याच्या आडव्या दांड्या धरून वर चढायचं होतं. खरा लोखंडी मनोरा स्पर्धेच्या ठिकाणीच असतो. सरावासाठी ज्यानं त्यानं आपापल्या गावी लाकडाचा करून घ्यायचा. टेसनं आराखडा पसरला. पातळ प्लायवूड, चार स्क्रू, व्यायामशाळेत नेऊन जोडायचं, काम झालं की सोडायचं.

"हे काय, खोकं आहे का?" रेनो म्हणाला. "ह्याच्यावर बर्फ साचला तर?"

"व्यायामशाळेत बर्फ नाही पडत हो, आजोबा!"

"पडवी पडणार नाही असं मलाही वाटलं होतं."

पोरगी आराखड्याची दुमडलेली कडा सरळ करत बसली. मीही सिंकमधल्या बशा उगाच पुन्हा विसळल्या.

दुसऱ्या दिवसापासून जुन्या गोठ्यात करवतीचा आवाज सुरू झाला. सौनासाठी राखून ठेवलेले सीडरचे जाड खांब निघाले. आराखड्यातली मापं त्यानं पाळली, पण बाकी सगळं स्वतःचं. जिथे स्क्रू दाखवला होता तिथे खाच आणि खुंटी. मी जेवायला हाका मारून घसा बसवून घेतला, हा आपला आत शीळ घालतोय.

मनोरा उभा राहिला तेव्हा त्यानं मला बोलावलं आणि वरच्या दांडीला स्वतःच लोंबकळला.

"लेम्पी, बघ! जरातरी हलतोय का?"

"उतर खाली, म्हाताऱ्या! कंबर मोडली तर टेसचा रोबो आंघोळ घालणार आहे का तुला?"

तो उतरला आणि पोट धरून हसला. पडवी पडल्यापासून असा हसला नव्हता.

मनोरा न्यायला शाळेचा ट्रक आला, आणि चालवायला कोण, तर एल्मर! सगळ्यांनी मिळून मनोरा दारापर्यंत रेटत आणला आणि तिथेच अडला. दारापेक्षा हातभर रुंद.

"वा रे रेनो!" एल्मर म्हणाला. "तुझं एक पडतं, दुसरं निघत नाही!"

"एक बाजू कापू, तिकडे नेऊन परत जोडू," टेस भीत भीत म्हणाली.

रेनोनं करवत उचलली आणि तसाच उभा राहिला. चेहरा पांढराफटक. "कापला की सांधा गेला. मग तो हलणार. माझ्या हातचं आता काहीही हलता कामा नये, पोरी."

टेसनं त्याच्याकडे पाहिलं. "मग आम्हीच इकडे येतो," ती म्हणाली.

झालं! रोज शाळा सुटली की अख्खा संघ रोबो घेऊन आमच्या गोठ्यात. शेगडी पेटवली, खाली जुना गालिचा अंथरला, आणि मी मांस-बटाट्याच्या पॅस्ट्या भाजता भाजता थकले. रोबो आधी धपाधप पडला, मग एकदाचा चढून लटकला. पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. रेनो मात्र खांबाला तळवा लावून बसायचा, कुठे काही हलतंय का बघत.

स्पर्धेची पहिली फेरी मोठ्या पुलापलीकडच्या शहरात होती. इकडे चर्चच्या तळघरात पडद्यावर ती बघायला सगळं गाव जमलं. रेनो कोटासकट मागच्या बाकावर. त्या दिवसाच्या शेवटच्या सामन्यात आमचा रोबो दांडीपाशी पोचला, हूक उचलला, आणि तेवढ्यात शेजारच्या संघाच्या रोबोनं त्याच मनोऱ्यावर उडी घेतली. मनोरा डुलला. हूक बोटभरानं हुकला, रोबो उताणा. हरलो!

"माझंच काहीतरी चुकलं," रेनो पुटपुटला आणि टोपी शोधायला लागला. मी त्याची बाही धरून ठेवली.

पडद्यावर निवेदकानं टेसपुढे माईक धरला. काय चुकलं म्हणे.

"अहो, आमच्या रेनोआजोबांचा मनोरा हलतच नाही!" टेस डोळे पुसत, हसत म्हणाली. "आम्ही तिघं एकदम लटकलो, तरी नाही. मनोरा हलतो, हे आम्हाला आज कळलं!"

तळघरात असा हशा उठला की विचारू नका! पण हा हशा वेगळा होता. एल्मर उठला. त्या चेपलेल्या किटलीतून त्यानं कप भरला आणि रेनोपुढे ठेवला.

"मे महिन्यात वेळ आहे का रे? पडवी घालायचीय."

रेनोनं एक घोट घेतला. "कडक झालीय कॉफी," म्हणाला, आणि डोळे पुसले. मी तर सरळ रडले, लाज कसली!

घरी आल्यावर कोट न काढता तो गोठ्यात गेला. मी मागोमाग. बघते तर करवत खांबाला लावलेली.

"अरे, काय करतोस? सांधा जाईल ना!"

"हरले तरी पंधरवड्यात दुसरी फेरी आहे पोरांची. त्यांना डुलणारा मनोरा लागेल."

"आणि तुझ्या हातचं हलताना गावानं पाहिलं तर?"

"हलू दे की," रेनो म्हणाला, आणि करवत ओढली.